पोटाच्या फ्लॅपने ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शन करायचंय? आधी टीमबद्दल विचारा

डीप (DIEP) फ्लॅप म्हणजे पोटाची त्वचा नि चरबी रक्तवाहिन्यांसकट काढून स्तन पुन्हा घडवण्यासाठी छातीवर बसवतात आणि त्या बारीक वाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडतात, काम तासन्‌तास चालतं, म्हणून पहिला प्रश्न हाच की सर्जन एक का दोन? दोघं असले की एक पोटाकडून फ्लॅप उचलतो, दुसरा छातीतल्या वाहिन्या तयार ठेवतो, वेळ वाचतो, भूलही कमी वेळ लागते. दुसऱ्या सर्जनची फी दिसली की बिल वाढणार वाटतं, पण ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) तास घटले तर थोडीफार भरपाई होते, त्यामुळे एस्टिमेट दोन्ही पद्धतींचं मागा. आणि हो, ऑपरेशननंतर रात्री फ्लॅप कोण तपासणार, जोडलेल्या वाहिनीत रक्ताची गुठळी झाली तर परत ओटीत न्यायला कोण हजर असेल, हे तर नक्की विचारा, माझ्या मते फीपेक्षा हे महत्त्वाचं.