राणीच्या हत्येचा कट: कल्पित राज्यातले धर्मवेडे कसे लिहावेत

कल्पित राज्यातल्या राणीच्या जिवावर उठलेले धर्मवेडे लिहिताना बहुतेक खर्डे एकाच जागी फसतात. काळे झगे असतात, मंत्र असतात, डोळ्यांत वेड असतं. पण त्या मंडळींच्या जागी भाडोत्री मारेकरी बसवले तरी कथानकाचं काही अडत नाही. ही अदलाबदल मनातल्या मनात आधीच करून पाहा. काही अडलं नाही, तर तुमच्या कटात अजून धर्म आलेलाच नाही.

सुरुवात श्रद्धेच्या एका वाक्यापासून करा. समजा, मेलेल्यांचे आत्मे नदीतून वाहत समुद्राला मिळतात, असं या लोकांचं मानणं आहे. राणीने दुष्काळ हटवण्यासाठी त्याच नदीवर धरण बांधलं. ज्या बापाचं मूल गेल्या पावसाळ्यात दगावलं, त्याच्या लेखी ते मूल धरणाच्या भिंतीअलीकडे अडकून पडलंय. हा माणूस वेडा वाटायची गरजच उरत नाही. राणीचीही बाजू तितकीच खरी ठेवा. कालव्याचं पाणी शेतात पहिल्यांदा शिरतानाचा एक प्रसंग लिहिला तरी पुरे.

मग त्याच वाक्यातून तीन-चार विधिनिषेध काढून कागदावर उतरवा. वाहत्या पाण्यात रक्त पडू द्यायचं नाही. नदीला पूर असताना शस्त्र उचलायचं नाही. ओंजळीत नदीचं पाणी असताना खोटं बोलायचं नाही. हे नियम कटवाल्यांचे हात बांधतात आणि कथानक तिथूनच हलायला लागतं. नौकाविहाराच्या दिवशी पहारा सर्वांत ढिला असतो, पण तो दिवस यांना चालत नाही. राजवाड्याच्या खंदकात नदीचंच पाणी, म्हणून वाडाही बाद. राणीला पाण्यापासून लांब न्यायचं कसं, हा प्रश्न तुम्हाला दोन-तीन प्रकरणं सहज पुरतो.

पुढचा प्रश्न परवानगीचा. राजहत्या हे पाप आहे असं लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ते पुण्य आहे असं कोण सांगतं? पोप पायस पाचवा याने 1570 मध्ये फर्मान काढून इंग्लंडच्या प्रोटेस्टंट राणीला, पहिल्या एलिझाबेथला, पदच्युत ठरवलं आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. त्यात तिला मारा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. धर्मपीठ एवढंच म्हणतं, पुढचा अर्थ तरुण मंडळी आपापला लावतात. तुमच्या महंतालाही स्पष्ट हुकूम देऊ देऊ नका. त्याचं एक संदिग्ध वाक्य दोन शिष्य दोन तऱ्हेने ऐकतात, हे जास्त भयंकर वाटतं.

माणसं पाच ते सात ठेवा, त्याहून जास्त नावं वाचकाच्या लक्षात राहत नाहीत. वाढवायचीच झाली तर गरजेपोटी वाढवा. लंडनमधला 1605 चा बारूदकट, म्हणजे राजासकट पार्लमेंट उडवून द्यायचा कॅथलिकांचा बेत, मे 1604 मध्ये पाच जणांनी सुरू केला होता. पार्लमेंटचं उद्घाटन लांबत गेलं तसा पैसा आणि घोडे कमी पडू लागले, म्हणून कटाचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबीने श्रीमंत माणसं आत घेतली आणि आकडा 13 वर गेला. 26 ऑक्टोबरला एका सरदाराच्या हाती निनावी पत्र पडलं: उद्घाटनाला सभागृहात येऊ नका. तळघरात बारुदाची 36 पिंपं तयार होती, पण त्या पत्राने सगळं उघडं पडलं. पत्र कुणी लिहिलं हे आजही नक्की नाही. तुमच्या कटातही असा एक जण हवा, ज्याचं कुणी जवळचं त्या दिवशी राणीच्या शेजारी उभं असणार आहे.

अंतरांचा हिशेब चुकला की जाणकार वाचक लगेच पकडतो. एकाच घोड्यावरचा स्वार दिवसाला 50 ते 60 किलोमीटर जातो, पायी यात्रेकरू 25 ते 30. मठ राजधानीपासून 240 किलोमीटरवर असेल, तर यात्रेकरूच्या झोळीतून गेलेल्या निरोपाचं उत्तर यायला 16 ते 20 दिवस लागतात. राणीने मधेच दौऱ्याची तारीख बदलली की जुना हुकूम वाटेतच राहतो.

निरोपांच्या या वाटेवर मनसोक्त रेंगाळा. 1586 मध्ये चार्टलीच्या गढीत कैदेत असलेल्या मेरी स्टुअर्टची, म्हणजे स्कॉटलंडच्या पदच्युत कॅथलिक राणीची, पत्रं बिअरच्या पिंपातून ये-जा करत. पिंपाच्या बुचाच्या भोकातून पाणी न शिरणारी डबी आत सारायची, बस. ही गुप्त वाट एलिझाबेथचा हेरप्रमुख फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याच्या माणसांच्याच हातात होती. त्यांच्यातला थॉमस फेलिप्स प्रत्येक पत्राची सांकेतिक लिपी उलगडायचा आणि पत्र पुढे धाडायचा. एलिझाबेथच्या हत्येचा कट रचणाऱ्या अँथनी बॅबिंग्टनला मेरीने लिहिलेल्या उत्तरात फेलिप्सने एक बनावट ताजा कलम जोडला आणि तिला मारायला नेमलेल्या सहा जणांची नावं विचारली. यातून घेण्यासारखं हे की खबऱ्याने कट मोडू नये, पोसावा. वाचकाला हे कटवाल्यांच्या आधी कळू द्या, मग साधं पिंप उतरवतानाही त्याचा श्वास अडकतो.

राणीपर्यंत पोचायला मारेकऱ्याला भिंती चढायला लावू नका. फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीकडे 1589 मध्ये जाक क्लेमाँ हा धर्मबंधू पत्रं घेऊन आला आणि खासगी निरोप आहे म्हणाला. सेवक बाजूला झाले आणि त्याने सुरा चालवला. दरबारात धर्माच्या वस्त्राला जो मान मिळतो, तोच आत शिरायचा दरवाजा.

कट फुटायची जागाही श्रद्धेतच शोधा. छळाच्या प्रसंगापेक्षा हे लिहून पाहा: पकडलेल्या कोवळ्या शिष्यापुढे प्रधान तांब्या ठेवतो आणि म्हणतो, नदीचं आहे, हात पुढे कर. पोराची ओंजळ भरते, बोटांच्या फटींतून पाणी गळत असतं. ते संपेपर्यंत त्याने गप्प राहायचं असतं. प्रधान पुन्हा ओततो.

राणी वाचो वा मरो, त्यानंतर एक प्रकरण बाकीच्या भाविकांसाठी राखून ठेवा. इंग्लंडमध्ये 1585 च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने देशात नुसतं असणंही राजद्रोह ठरलं आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. तुमच्या राज्यात कटाशी काही संबंध नसलेली एक बाई रोजच्यासारखी काठावर दिवा सोडायला येते आणि घाटावर आता पहारेकरी उभे असतात.