एकमेकांची ओझी आणि स्वतःचा भार

बायबलच्या नव्या करारातील गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, दुसऱ्या वचनात प्रेषित पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे असे म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये येथे ‘बारोस’ (ओझे) आणि ‘फोर्तियोन’ (भार) असे दोन वेगळे शब्द आहेत. परंतु केवळ शब्दांवर विसंबू नये, कारण मत्तय २३:४ मध्ये परूशी हे यहूदी धर्मपुढारी इतरांच्या खांद्यांवर जड ‘फोर्तियोन’ लादतात असेही येते. फरक समजतो तो संदर्भावरून: ओझे म्हणजे एकट्याला न पेलणारे, आणि भार म्हणजे ज्याचा त्यानेच उचलायचा.

म्हणून ख्रिस्ती मंडळीत कोणी अडचणीत दिसल्यास, ही गोष्ट त्याच्या एकट्याच्या आवाक्यातील आहे का, हे प्रथम पाहावे. अचानक आलेले आजारपण, घरातील मृत्यू, गेलेली नोकरी ही वाटून घेण्याची ओझी आहेत; रोजची प्रार्थना, दिलेला शब्द पाळणे, मुलांना वळण लावणे हा ज्याचा त्याचा भार आहे. काही प्रसंगी दोन्ही एकत्र येतात. दारूच्या व्यसनात अडकलेल्या भावाला उपचारासाठी घेऊन जाता येते, त्याच्या घरी शिधा पोहोचवता येतो, पण ग्लास खाली ठेवण्याचा निर्णय त्याच्या वतीने कोणालाही घेता येत नाही.

मदत देताना “काही लागले तर सांगा” असे म्हणून निघून जाऊ नये. गरजू माणूस सहसा सांगत नाही. “मंगळवारी रात्री दवाखान्यात मी थांबते, तुम्ही घरी जाऊन झोपा,” असे नेमके बोलावे. मृत्यू झालेल्या घरी पहिले तीन दिवस माणसे मावत नाहीत आणि दुसऱ्या महिन्यात दारही वाजत नाही, तेव्हा आपली भेट त्या दुसऱ्या महिन्यासाठी आजच वहीत लिहून ठेवावी.

पैशांची मदत एकट्याच्या हातून होऊ नये. यरुशलेममधील पवित्र जनांसाठी, म्हणजे तेथील विश्वासणाऱ्यांसाठी, गोळा केलेल्या वर्गणीबाबत कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने सोबत इतरांना घेतले होते (२ करिंथ ८:१६-२१). मदत किती काळ चालेल हे आरंभीच ठरवावे, आणि घेणाऱ्याने त्या काळात आपण स्वतः काय करणार हे मोकळेपणाने सांगावे. कुटुंबाचे नाव मात्र उपासनेत जाहीर करू नये. प्रार्थनेची विनंती म्हणून सुरू झालेली माहिती चहाच्या कपाबरोबर गावभर फिरते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

कोणी चुकला असल्यास आधी त्याच्याशी एकांतात बोलावे (मत्तय १८:१५). गलती ६:१ मध्ये त्याला सावरण्यासाठी जे क्रियापद आले आहे, तेच मार्क १:१९ मध्ये याकोब व योहान आपली जाळी नीट करत होते तेथे आले आहे. जाळे दुरुस्त करणारा ते ओढून फाडत नाही. गलती ६:१ मध्येच, सावरणाऱ्यानेही आपण मोहात पडू नये म्हणून स्वतःवर लक्ष ठेवावे, अशी सूचना आहे.

मंडळीच्या पाळकांचे (धर्मगुरूंचे) घर या सर्वांत बहुधा विसरले जाते. गलतीच्या त्याच अध्यायातील सहाव्या वचनात शिक्षण घेणाऱ्याने शिक्षण देणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा असे म्हटले आहे; तेव्हा रविवारी उपासनेनंतर पाळकांच्या पत्नीला त्यांच्या घरची विचारपूस करावी, आणि उत्तर ऐकण्यापुरते तेथे थांबावे.