बोर्दो ते तुलूझ, नहराच्या कडेकडेनं : नागपूरच्या सायकलवाल्यांसाठी

वर्धा रोडवर मागून ट्रकचा आवाज आला की हँडल आपोआप डावीकडे वळतं, ही सवय ज्यांना लागलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. फ्रान्सात सायकल टूर करायची म्हटलं की लोकांना एकदम टूर द फ्रान्स आणि आल्प्सचे घाटच आठवतात आणि मग ते राहूनच जातं. तर आल्प्स विसरा राजे हो, बोर्दो ते तुलूझ करा. साधारण २७० किमी, बरंचसं सपाट, आणि बहुतेक रस्ता असा की तिथे मोटारींना बंदीच आहे. असल्या रस्त्याला तिकडे व्हुआ व्हेर्त म्हणतात, त्यावर सायकलवाले, पायी फिरणारे, स्केटिंगवाली पोरं, एखादवेळी घोड्यावरचा माणूस, बस एवढंच.

सगळ्यात आधी एक सांगतो कारण आपले लोक इथेच गडबडतात. किलोमीटरवर प्लॅन करू नका, गावांवर करा. रविवारी सकाळी रामटेक मारून घरी जेवायला येणाऱ्याला वाटतं की सपाट रस्ता आहे, ट्रॅफिक नाही, मग रोज १०० सहज. होतं पण, कोण नाही म्हणतो, फक्त मग तुम्ही गावं बघत नाही, गावांच्या बाजूनं जाता. रोज ४०-४५ किमी धरा, आठवडा ठेवा, दुपारी दोन-तीनला मुक्कामी पोचा आणि संध्याकाळ गावात घालवा, जूनमध्ये तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो.

बोर्दोहून निघणारा पहिला टप्पा जुन्या रेल्वे लाइनवर केलेला आहे, त्याला रोजे लापेबीचं नाव दिलंय, १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकलेला गडी. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ आहे पण कळत नाही, बाजूला द्राक्षाचे मळे, मधेमधे जुनी स्टेशनं. वाटेत ला सोव्ह गावात १०७९ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत, अर्धा तास द्या. मग सोव्हतेर-द-ग्वियेन, १२८१ सालचं गाव, याच्या चारही वेशी अजून उभ्या आहेत. या भागात तेराव्या-चौदाव्या शतकात राजे-सरदारांनी अशी आखून गावं वसवली, बास्तिद म्हणतात त्यांना, सरळ गल्ल्या, मधोमध बाजाराचा चौक आणि चौकाभोवती कमानीखाली दुकानं. पहिला मुक्काम इथेच करा. इथून ला रेओलजवळ नहराला लागेपर्यंत थोडे किलोमीटर साध्या गावरस्त्यानं जावं लागतं, गाड्या कमी पण असतात आणि चढउतारही आहेत, तेवढं धरून चला.

मग नहर. गारोन नदीला समांतर, १८३८ ते १८५६ मध्ये खोदलेला, १९३ किमी, त्यावर ५३ लॉक. लॉक म्हणजे नावा वरखाली करायची दारं असलेली पाण्याची टाकी, आणि तुमच्यासाठी लॉक म्हणजे दोन-तीन मीटरचा छोटासा चढ, संपला. डांबरी पट्टा आहे, बाजूनं झाडं आहेत.

आता सपाट रस्त्याची एक गंमत जी कोणी सांगत नाही. घाटात उतार येतो, तिथे पायडल थांबतं, तुम्ही सीटवरून उठता, बुडाला आराम मिळतो. नहराच्या कडेला उतारच नाही ना भाऊ! चार-चार तास एकाच बैठकीत पायडल. दमत नाही माणूस, पण सीटवर बसवत नाही. म्हणून दर पाच-सात किलोमीटरला मुद्दाम उभं राहून चालवा, पॅडवाली चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरी काही घालू नका. या बाबतीत नागपूरकर नशीबवान, आपलं शहरच सपाट. सेमिनरी हिल्सचे चढ मारून या टूरची तयारी होत नाही, त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सामान लादून सपाटीवर तीन तास न थांबता चालवा, तेही लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना जे वाटतं तीच खरी परीक्षा.

दिशा बोर्दोकडून तुलूझकडेच ठेवा, कारण वारा बरेचदा अटलांटिककडून म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि तो पाठीवर घ्यायचा. तुलूझच्या बाजूला कधीकधी ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा सुटतो, तो आला की समोरूनच येतो, मग गपगुमान गिअर हलका करायचा.

दोन ठिकाणी घाई करू नका. आजाँला नहर चक्क पुलावरून गारोन नदी ओलांडतो, दगडी पूल, २३ कमानी, ५३९ मीटर लांब, खाली नदी आणि वर बाजूला पाणी घेऊन तुम्ही सायकल चालवताय, एखादी बोट सोबतच चाललेली असते. मला तर आख्ख्या रस्त्यातली हीच जागा सगळ्यात भारी वाटते. दुसरं म्हणजे म्वासाक. इथल्या मठाचं आवार ११०० साली पूर्ण झालं, ७६ खांबमाथे आणि प्रत्येकावर वेगळं कोरीवकाम, कुठे बायबलमधल्या गोष्टी, कुठे प्राणी, कुठे नुसती वेलबुट्टी. एकोणिसाव्या शतकात बोर्दोची रेल्वे लाइन टाकताना हे आवार पाडायची वेळ आली होती, ते वाचलं पण भिक्षूंची जेवणाची इमारत गेली, रूळ आजही भिंतीला लागूनच जातात. याच गावची शासला द्राक्षं पण प्रसिद्ध, सप्टेंबरात गेलात तर घ्याच. पायात दम असेल तर म्वासाकच्या आधी ओव्हिलार आहे, टेकडीवरचं गाव, मधे धान्यबाजाराची गोल इमारत, चढ मात्र खरोखरचा चढ आहे.

सायकल इथून नेऊ नका. बोर्दोत भाड्यानं घ्या, तुलूझला सोडा, असं वन-वे देणारे आहेत, फक्त आधी मेल करून ठरवा. टायर ३५ मिमीच्या वरचे मागा आणि पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या, सोबत घ्या. पंपाची तोंडी वॉल्वला बसते की नाही हे दुकानातच बघा, बरेचदा प्रेस्टा म्हणजे बारीक तोंडाचा वॉल्व असतो. आपल्याकडे पंक्चरवाला प्रत्येक चौकात टब घेऊन बसलेला असतो म्हणून आपण कधी शिकलोच नाही, तिकडे गावात पंक्चरवाला हा प्रकारच नाही, तेव्हा ट्यूब बदलणं घरीच शिकून जा.

नियम थोडक्यात. उजवीकडून चालवायचं, आणि हे ट्रॅफिक नसलेल्या रस्त्यावरच जास्त विसरतं कारण समोरून कोणी येतच नाही, आलं की आपण सवयीनं डावीकडे वळतो. इअरफोन लावून सायकल चालवली तर दंड. घंटी आणि लाइट लागतातच, गावाबाहेर अंधारात चालवायचं तर चमकणारं जॅकेट पण. पायी चालणारे दिसले की घंटी लांबूनच एकदा वाजवा आणि जवळून जाताना बाँजूर म्हणा, नागपुरी पद्धतीनं कानाशी जाऊन वाजवू नका.

पाणी संपलं तर दफनभूमी शोधा, खरंच सांगतोय, तिकडच्या बहुतेक दफनभूमींना नळ असतो आणि तिकडचे सायकलवाले तिथेच भरतात, नॉन पोताब्ल म्हणजे पिण्यालायक नाही असं लिहिलं असेल तर मात्र पिऊ नका. खाण्याचं गणित वेळेचं आहे. जेवण १२ ते २, नंतर किचन बंद, थेट संध्याकाळी साडेसात. रविवार दुपार आणि सोमवार गावातली दुकानं बंद मिळतात, म्हणून शनिवारीच ब्रेड, चीज, फळं पॅनिअरमध्ये टाका. शाकाहारी असाल तर बेकरी आणि आठवडी बाजार हेच तुमचे मायबाप. चिवडा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. पण खव्याची संत्रा बर्फी, तूप, पेढे नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, ताजी संत्रीसुद्धा सर्टिफिकेटशिवाय नाही. मग काहून न्यायचं आणि एअरपोर्टवर टाकायचं!

व्हिसा शेंगेनचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. बायोमेट्रिकसाठी मुंबई-पुण्याची चक्कर धरून चला. पॅरिसला उतरून मोंपार्नास स्टेशनहून टीजीव्ही या वेगवान ट्रेननं बोर्दो दोन तासांच्या आसपास. मुक्काम बुक करताना आक्योय व्हेलो असा शिक्का बघा, म्हणजे सायकल ठेवायला कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीचं थोडंफार सामान मिळतं. महिना मे, जून नाहीतर सप्टेंबर. इथे पारा ४५ ला टेकतो तेव्हा तिकडे दुपारी २०-२५ असतं, फक्त पावसाचं जॅकेट ठेवा.

कोणाचे पाय दुखले तर नहराच्या जवळूनच रेल्वे जाते, मार्मांद, आजाँ, म्वासाक, मोंतोबाँ सगळीकडे स्टेशन आहे, टीईआर नावाच्या लोकल गाड्यांत जागा असेल तर सायकल चढवता येते. ग्रुपमध्ये एखादा नवखा असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवा, तो अर्धा निवांत होतो.

तुलूझला पोचल्यावर मन भरलं नाही तर पुढे मिदी कालवा आहे, १६६६ ते १६८१ मध्ये बांधलेला, १९९६ पासून जागतिक वारसा, आणि त्याच्या वाटेवर कार्कासोनचा दुहेरी तटाचा किल्ला. पण साधारण ५० किमीनंतर डांबर संपतं, पुढे जागोजागी कच्चा रस्ता आणि झाडांची मुळं, शिवाय रोग लागल्यामुळे हजारो जुने प्लेन वृक्ष तोडावे लागलेत म्हणून काही भागात सावली नाही. टायर जाड असतील आणि पाऊस पडून गेला नसेल तर जा, नाहीतर सायकल तुलूझला जमा करा आणि कार्कासोनला ट्रेननं जा, तासाभराचाच प्रवास आहे.