पेट्या विकायच्या असतील तर आधी साक्यावर लिहा

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. माल दलालाकडे न घालता आम्ही थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतो, आणि गिऱ्हाइकं बरीचशी ब्लॉग वाचून येतात. शेजारपाजारचे बागायतदार विचारतात, ‘ब्लॉगवर लिहायचं तरी काय?’ मी त्यांना त्यांचाच फोन उघडायला लावते. गेल्या हंगामातले मेसेज बघा. ‘ताई, आंबे हिरवेच आलेत, पिकणार कधी?’ ‘फ्रीजमध्ये ठेवू का?’ ‘चार डझनी पेटी सहा डझनीपेक्षा महाग कशी?’ ‘आत पांढरं निघालं, असला माल कसा पाठवलात?’ एकेका प्रश्नाचा एकेक लेख होतो, आणि मथळाही गिऱ्हाइकाच्याच शब्दांत द्यायचा.

‘आंबा खाण्याचे दहा फायदे’ मात्र लिहू नका. ते आधीच ढिगाने पडलेत, आणि जीवनसत्त्वं शोधत आलेला माणूस पेटी मागवत नाही. पाडव्याच्या शुभेच्छा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाका, तिथे त्या शोभतात.

पहिला लेख सगळ्यात अडचणीच्या प्रश्नावर लिहा. आमच्या धंद्यात तो म्हणजे साका. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ असल्या वाक्यांनी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा सरळ असं लिहा:

‘हापूस बाहेरून पिवळाधमक दिसतो, पण कापला की कोयीजवळचा गर कधीकधी पांढुरका, भुसभुशीत आणि आंबूस निघतो. हा साका. ही कीड नव्हे. फळ झाडावर जास्त तयार झालं किंवा काढल्यावर तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं की साका वाढतो. म्हणून आम्ही फळ वेळेत, देठासकट झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवतो आणि लगेच सावलीत नेतो. तरीही साका बाहेरून दिसत नाही, एखादं फळ निघू शकतं. निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत देऊ.’

कारण आलं, तुम्ही काय काळजी घेता ते आलं, पैशाचंही आलं. सोबत कापलेल्या साक्याच्या फळाचा फोटो टाका, तोही तुमच्याच मोबाइलवर काढलेला. विकणाऱ्यानेच खराब फळ दाखवलं म्हटल्यावर पुढची माहिती लोक विश्वासाने वाचतात. या लेखाचा क्यूआर कोड छापून पेटीत टाकला, तर तक्रारीच्या फोनचा सूरही बराच खाली येतो.

पिकवण्याबद्दल लिहिताना मोघम राहू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू मात्र 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, चालतो. तुम्ही भाताच्या पेंढ्यात अढी घालत असाल तर तीच दाखवा: खाली पेंढा, वर आंबे, पुन्हा पेंढा. आणि फवारणी केली असेल तर केली म्हणा. मोहोरावर तुडतुडा ही कीड येते हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ‘शंभर टक्के केमिकलमुक्त’ लिहून उगाच कशाला अडकायचं?

‘देवगडचा तेवढाच खरा’ हेही टाळा, मलाही मोह होतो तरी. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाचही जिल्ह्यांना. कर्नाटकातून येणारा आंबा त्यात बसत नाही. तुमची जीआयची नोंदणी झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लावा.

आता वेळेचं. माल मार्चपासून जोरात सुरू होतो, पण लेख मोहोराच्या दिवसांतच टाकून ठेवा, डिसेंबर-जानेवारीत. नवं पान गूगलवर वर यायला वेळ घेतं. एप्रिलमध्ये लिहिलेलं सापडेपर्यंत पाऊस येतो. तसंही काढणीत लिहायला हात मोकळा कुणाचा असतो! भावाचं पान एकच ठेवा. दरवर्षी त्याच पानावर दर बदला आणि वर तारीख घाला, म्हणजे जुन्या दरावरून वाद होत नाही.

लेख मराठीत लिहा, पण पानाचा पत्ता म्हणजे लिंक इंग्रजी अक्षरांत, छोटी ठेवा. देवनागरी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते आणि लोक फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत. गूगलवरही बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. लोक नेमकं काय शोधत तुमच्यापर्यंत आले ते गूगलच्याच ‘सर्च कन्सोल’ या सोयीत फुकट दिसतं. महिन्यातून एकदा ती यादी बघा; एखादा प्रश्न वारंवार दिसतोय आणि त्यावर आपलं पान नाही, तर पुढचा लेख तोच.

शेवटी ऑर्डरची सोय. नुसता नंबर न देता व्हॉट्सअ‍ॅपची अशी लिंक द्या, की दाबल्यावर मेसेज आधीच लिहिलेला येईल: ‘मला पेटी हवी आहे. किती डझनी: __, पिनकोड: __’. पिनकोड आधी कळला की पार्सल तिथे जातं का आणि भाडं किती, हे पहिल्याच उत्तरात सांगता येतं.