तेर आणि किल्लारी एका दिवसात कशी पाहावीत

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचं संग्रहालय घाईत पाहिलं, तर काचेमागचे मातीचे तुकडे एवढंच लक्षात राहतं. शासकीय संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, डागडुजीसाठीही एखादं दालन बंद ठेवतात. म्हणून धाराशिवहून निघण्याआधी फोन करून विचारा. किल्लारीही (लातूर जिल्ह्यातलं १९९३ च्या भूकंपाचं गाव) त्याच दिवशी करायची असेल, तर दार उघडायच्या वेळेलाच तेरला पोचा.

कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवरून वर्षानुवर्षं वेचलेल्या वस्तूंतून हे संग्रहालय उभं राहिलं. पहिल्या पेटीपासून सगळं पाहत सुटू नका. आधी हस्तिदंती स्त्रीमूर्ती शोधा. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये वेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही याच धर्तीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. सातवाहनकाळी मराठवाड्याचा व्यापार किती दूर पोचला होता, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. इथे वेळ काढाच.

मग केओलिन या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. समोरून पाहून पुढे जाऊ नका, बाजूने वाका. पुढचा आणि मागचा भाग वेगळ्या साच्यांत काढून जोडलेला असतो; सांध्याची रेघ कडेला दिसते. रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं असतील, तर त्यांचं ओवायचं भोक शोधा. फोटोची परवानगी आधी विचारा. फ्लॅश बंद ठेवा आणि लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या, नाहीतर फोटोत तुमचंच प्रतिबिंब येतं.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट पाहून बाहेर पडा आणि त्रिविक्रम मंदिराकडे जा. हे मंदिर विटांचं आहे. पुढून पाहून परत फिरू नका, मागे जा: गाभाऱ्याची पाठ गोलाकार आहे, चैत्यगृहासारखी (बौद्ध प्रार्थनागृहासारखी). पावसाळ्यात पांढरीवर मणी आणि खापरं उघडी पडतात. ती उचलू नका. जागेवरून हलवलेल्या वस्तूचा थर कळत नाही, आणि थराशिवाय तिचा काळ ठरवणं अवघड होतं.

गावातली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं मात्र नीट पाहून घ्या, किल्लारीला ती उपयोगी पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला तिथे भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. धक्का ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता, पण घात केला तो घरांच्या बांधणीने. दोन बाजूंना गोटे, मध्ये भर, सांधायला नुसती माती, आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वरून माळवदाच्या मातीचं ओझं. अशी भिंत हादऱ्याने मधोमध फाटते. जिथे माळवद लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथे काही घरांच्या भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. तेरला एखाद्या घरात शिरायची परवानगी मिळाली, तर छत भिंतीवर टेकलंय की खांबावर, एवढं बघा.

किल्लारीत जुन्या गावठाणाची जागा आणि स्मृतिस्थळ पाहा. तिथे आवाज खाली ठेवा आणि लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ३० सप्टेंबरला घरची माणसं श्रद्धांजलीला येतात. नुसतं पाहायला जायचं असेल, तर तो दिवस टाळा.