खोलीखोलीतून रिमोट चालवताना: इन्फ्रारेड वायरिंगमधील या चुका टाळा

सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायर हॉलमधल्या कपाटात ठेवून ते बेडरूममधून किंवा स्वयंपाकघरातून त्यांच्याच रिमोटने चालवण्याची सोय इन्फ्रारेड रिपीटरमुळे होते. प्रत्येक खोलीत रिमोटचा सिग्नल पकडणारा एक सेन्सर, तिथून कपाटापर्यंत पॉझिटिव्ह, ग्राउंड आणि सिग्नल अशा तीन तारा, कपाटात त्या एकत्र आणणारा बॉक्स व अडॅप्टर, आणि उपकरणांच्या दर्शनी भागावर चिकटवलेले, तोच सिग्नल त्यांना पुन्हा देणारे एलईडी एमिटर, एवढाच हा पसारा असतो. तो बंद पडला की संशय पहिल्यांदा सेन्सरवर घेतला जातो आणि नवा सेन्सर मागवला जातो. परंतु दोष बहुधा वीजपुरवठ्यात किंवा तारांच्या जोडणीत असतो आणि साध्या मल्टिमीटरने तो सापडू शकतो.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. अनेक स्ट्रीमिंग उपकरणांचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांच्यासाठी कितीही काटेकोर वायरिंग केले तरी उपयोग नाही. रिमोटचे बटण दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्या टोकाकडे पाहिल्यास इन्फ्रारेड एलईडी जांभळट लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला पुष्कळदा इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर असतो, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहावे.

अडॅप्टरची निवड

घरात पडून असलेला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर जोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यावर १२ व्होल्ट छापलेले असले तरी आत व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नसल्यास कमी भारावर तो १६-१७ व्होल्ट देऊ शकतो. तयार मिळणाऱ्या काही सेन्सरना १२ व्होल्ट लागतात, तर सुटा तीन पायांचा सेन्सर साधारणपणे ५ व्होल्टचा असतो. दोन्ही १२ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर जोडले तर दुसरा जळू शकतो. दूरच्या खोलीसाठी वेगळा अडॅप्टर वापरायचा असेल, तर दोन्हींचे ग्राउंड जोडलेच पाहिजे, पॉझिटिव्ह मात्र एकमेकांना जोडू नये. ग्राउंड जोडायचे राहिले तर दोन्ही टोकांना व्होल्टेज बरोबर दिसते आणि तरीही सिग्नल पोहोचत नाही.

स्वस्त स्विचिंग अडॅप्टरचा गोंगाट, म्हणजे व्होल्टेजमधील बारीक जलद चढउतार, पुरवठ्यातून सेन्सरपर्यंत पोहोचला, की सेन्सर स्वतःची संवेदनशीलता आपोआप कमी करतो आणि रिमोट अगदी जवळ नेल्याशिवाय काम करत नाही. ५ व्होल्टच्या सुट्या सेन्सरसाठी पॉझिटिव्ह तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि सेन्सरच्या पायांपाशीच, पॉझिटिव्ह व ग्राउंडच्या मध्ये, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तारांची जोडणी

लांब वायरमुळे व्होल्टेज पडते, ही शंका सेन्सरच्या बाबतीत सहसा निराधार ठरते. नेटवर्कसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅट-५ई केबलमधील तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साधारण ९ ओहम असतो. ३० मीटरच्या जाण्यायेण्यात तो साडेपाच ओहमच्या आसपास भरतो आणि सेन्सरचा प्रवाह काही मिलिअँपिअरच असल्याने घट नगण्य राहते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल मात्र घेऊ नये. तिचा रोध सुमारे दीडपट असतो, आणि स्क्रूखाली आवळताना किंवा वाकवताना तिची तार तुटते.

खरी अडचण कपॅसिटन्सची, म्हणजे शेजारच्या तारांमध्ये विद्युतभार साठण्याची असते. कॅट-५ई केबलच्या एका जोडीत मीटरमागे सुमारे ५० पिकोफॅरड, म्हणजे ३० मीटरला दीड नॅनोफॅरड कपॅसिटन्स असतो. सुट्या सेन्सरमधील साधारण ३० किलोओहमच्या अंतर्गत रेझिस्टरला सिग्नलची तार परत पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे वर खेचायला ४०-५० मायक्रोसेकंद लागतात. टीव्हीच्या अनेक रिमोटमधला ५६० मायक्रोसेकंदांचा स्पंद हे सहन करतो, पण काही सेट-टॉप बॉक्सच्या प्रोटोकॉलमधील (सिग्नल पाठवण्याच्या पद्धतीतील) जेमतेम १६७ मायक्रोसेकंदांचा स्पंद त्यात विद्रूप होतो. टीव्ही चालतो आणि बॉक्स चालत नाही, या तक्रारीमागे हेही एक कारण असू शकते. सिग्नल आणि पुरवठ्याचा ५ व्होल्ट यांच्यामध्ये बॉक्सपाशी १० किलोओहमचा रेझिस्टर घातल्यास सिग्नल बराच लवकर वर चढतो. सिग्नलची तार ग्राउंडच्या तारेबरोबर एकाच पिळाच्या जोडीत घ्यावी आणि पॉझिटिव्हसाठी दुसरी जोडी वापरावी. भिंत फोडण्याचा खर्च वाचवण्यासाठी ही केबल २३० व्होल्टच्या तारांच्या कंड्यूटमधून (पाइपमधून) ओढण्याचा वायरमनचा सल्ला ऐकू नये. तिथे प्रश्न केवळ गोंगाटाचा नसून विजेच्या धक्क्याचाही असतो.

साडेतीन मिलिमीटरच्या प्लगबाबतही सावध राहावे. सेन्सरचा प्लग तीन भागांचा, तर एमिटरचा बहुधा दोन भागांचा असतो, आणि दोन्ही एकाच खाचेत सहज बसतात. एमिटर चुकून सेन्सरच्या खाचेत घातला तर पुरवठा शॉर्ट होऊ शकतो. कोणत्या भागावर कोणती तार येते हे उत्पादकागणिक बदलते. म्हणून पुरवठा बंद ठेवून मल्टिमीटरने तपासावे आणि प्लग घालतानाही तो बंदच ठेवावा.

एमिटर

एकाच रेझिस्टरवर अनेक एमिटर समांतर जोडले तर प्रवाह असमान वाटला जातो आणि एखादा जवळजवळ मंदच राहतो. १२ व्होल्टवर ४७० ओहम आणि १.३ व्होल्टचा एक एलईडी असल्यास सुमारे २३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तसाच दुसरा एलईडी एकसर (एकामागे एक, सिरीजमध्ये) जोडल्यास २० मिलिअँपिअर राहतो, म्हणजे फरक फारसा पडत नाही. सुटसुटीत उपाय हवा असेल तर प्रत्येक एमिटरला स्वतःचा रेझिस्टर द्यावा.

एमिटरचा प्रकाश कपाटाच्या काचेवरून परावर्तित होऊन त्याच खोलीतल्या सेन्सरवर पडला, तर रिपीटर स्वतःचाच सिग्नल ऐकत राहतो. रिमोट हातात नसतानाही सेन्सरचा दर्शक दिवा लुकलुकत असेल, तर आधी एमिटर काळ्या टेपने झाकून पाहावे. दिवा तरीही थांबला नाही, तर खोलीतले दिवे एकेक करून बंद करावेत आणि सेन्सरवर थेट ऊन येत नाही ना, हेही बघावे. तेवढ्यानेही भागले नाही, तर सगळ्या खोल्यांच्या तारा बॉक्समधून काढून एकच सेन्सर हातभर वायरने जोडावा आणि तो नीट चालल्यावर एकेक खोली परत जोडत जावी. ज्या खोलीपाशी बिघाड परत येतो, तिचीच केबल तपासायची असते.