गवत फुलावर आहे, कापणी आत्ताच धरा

उमरेड, कुही, रामटेक, पारशिवनीकडच्या गायरानांत आणि बरड पडितात सध्या गवत चांगलं वाढलं आहे. बरेच जण ते दिवाळीनंतर, पिवळं पडल्यावर कापतात. तसं करू नका. साधारण अर्धं गवत फुलावर आलं की विळा लावा, त्या वेळी त्यात कस असतो. बी गळाल्यावर उरते ती नुसती काडी. कुसळी गवताला तर थोडाही उशीर चालत नाही, तिची टोकं गुरांच्या तोंडात आणि कातडीत रुततात.

कापताना 10 ते 15 सेंमी बुडखा ठेवा. जमिनीत ओल असेपर्यंत त्याला कोवळा फुटवा येतो, आणि चितळांना नेमका तोच हवा असतो. उंच, वाळकं गवत ते सहसा खात नाहीत. आखूड पात आणि चौफेर नजर जाईल अशी मोकळी जागा त्यांना आवडते. ती मिळाली नाही की नुकता उगवलेला हरभरा आहेच. म्हणून जंगलाकडच्या बाजूचे पट्टे आधी कापा आणि तिथला फुटवा चितळांसाठी राहू द्या. धुऱ्यालगतच्या, म्हणजे शेताच्या बांधाजवळच्या फुटव्यावर गुरं चारा, सोबत गुराखी हवाच. गुरं गावाजवळ राहिली तर वाघाचा धोकाही कमी. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं मात्र एवढ्यानं थांबत नाहीत, त्यांच्यासाठी जागल करावीच लागेल.

गायरान सगळीकडून सारखं चरवलं की मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं मागे पडतात आणि तरोटा, रानतुळस माजते. ते ना गाय खाते ना चितळ. तरोट्याच्या शेंगा वाळून फुटायच्या आत तो मुळासकट उपटा. बी पडलं तर पुढची कित्येक वर्षं तो उगवत राहतो. गायरानाचे चार भाग पाडा आणि दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत बंद ठेवा. हे ग्रामसभेत ठरलं तरच टिकतं, एकट्यादुकट्यानं राखून जमत नाही.

मोहफुलांच्या दिवसांत झाडाखाली आग लावू नका. उरलेला चारा आणि पडलेलं बी, दोन्ही त्यात जातं.

लाळ्या-खुरकूत गुरांकडून हरणांना आणि हरणांकडून गुरांना होऊ शकतो. चराई सामायिक असेल तर या हंगामातली लस चुकवू नका.